अंतराळ वसाहतीतील पोलीस यंत्रणा : विज्ञानकथा, अवकाश कायदा आणि सोलापूरच्या सेटलमेंटचा दाखला

प्रस्तावना

मराठीत 'वसाहत' हा शब्द अनेक अर्थांनी वापरला जातो. परमुलखावर सत्ता बसवून केलेली ती वसाहत, गिरणी कामगारांसाठी बांधलेली वस्ती तीही वसाहत आणि भूखंड आखून उभी केलेली कारखान्यांची वस्ती तीही औद्योगिक वसाहतच. या सर्व अर्थांत एक गोष्ट समान आहे. गाव काळाच्या ओघात वसते, वसाहत मात्र कोणीतरी वसवतो. जो वसवतो त्याच्याकडे तेथील जागा, काम आणि नियम यांचा ताबा राहतो. विज्ञानकथेतील अंतराळ वसाहत हा या शब्दाचा आणखी एक अर्थ असून तेथे श्वासाची हवा आणि पिण्याचे पाणीही वसवणाऱ्याच्याच ताब्यात असते.

अशा ठिकाणी गुन्हा घडला तर तपास कोणी करावयाचा, अटक कोणाच्या हुकमाने व्हावयाची आणि अटक करणाऱ्याला जाब कोणी विचारावयाचा, हे प्रश्न इंग्रजी विज्ञानकथेने गेल्या सहा दशकांत वारंवार हाताळले आहेत. त्यासाठी लेखकांनी निरनिराळ्या कल्पित पोलीस यंत्रणा निर्माण केल्या. मराठी वाचकाला विज्ञानकथेची गोडी लावण्यात डॉ. जयंत नारळीकर यांच्या कथांचा आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धांचा मोठा वाटा आहे. तथापि विज्ञानकथेची चर्चा होते ती बहुधा तिच्यातील विज्ञानाच्या अंगाने. तिच्यातील राज्यशास्त्राकडे तुलनेने कमी लक्ष जाते.

प्रस्तुत लेखात प्रथम अशा कल्पित यंत्रणांचे चार प्रकार स्पष्ट केले आहेत. त्यानंतर अंतराळातील कायद्याची प्रत्यक्ष स्थिती मांडली आहे. शेवटी, कुंपणाच्या आत वसवलेल्या आणि पोलिसी नजरेखाली चालवलेल्या वसाहतीचा जो अनुभव सोलापूर शहराने घेतला, त्याच्या आधारे या कल्पनेची तपासणी केली आहे. अंतराळ वसाहत अद्याप अस्तित्वात आलेली नाही, परंतु बंदिस्त वसाहतीवरील पोलीस सत्ता ही गोष्ट सोलापूरला नवी नाही.

कल्पित यंत्रणांचे चार प्रकार

पहिला प्रकार अधीक्षकी सत्तेचा होय. रॉबर्ट हाइनलाइन यांची 'द मून इज अ हार्श मिस्ट्रेस' ही कादंबरी १९६६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तीत चंद्र ही पृथ्वीवरील देशांनी पाठवलेल्या कैद्यांची वसाहत आहे. तिच्यावर एका प्राधिकरणाचा अंमल असून त्याचा प्रमुख तुरुंगाधिकारी म्हणूनच ओळखला जातो. कादंबरीच्या काळापर्यंत तेथील बहुसंख्य रहिवासी शिक्षा भोगणारे राहिलेले नाहीत. शिक्षा संपलेले लोक आणि त्यांची चंद्रावर जन्मलेली मुलेबाळे यांचाच तेथे भरणा आहे. कमी गुरुत्वाकर्षणात दीर्घकाळ राहिल्याने त्यांची शरीरे पृथ्वीवर परतण्यास योग्य राहिलेली नाहीत. त्यांनी पिकवलेले धान्य प्राधिकरण आपण ठरवलेल्या भावाने घेते. म्हणजे कायद्याने स्वतंत्र असलेला मनुष्य व्यवहारात कैदीच राहतो.

दुसरा प्रकार सरकारी अधिकारी आणि खासगी कंपनी यांच्या सहवासाचा आहे. पीटर हायम्स दिग्दर्शित 'आउटलँड' हा चित्रपट १९८१ मध्ये आला. गुरूच्या आयो या उपग्रहावर टायटेनियमची खाण असून ती कंपनीची आहे, तर तेथील मार्शल शासनाने नेमलेला आहे. उत्पादन वाढावे म्हणून खाणीचा व्यवस्थापक कामगारांना उत्तेजक द्रव्य पुरवू देतो आणि त्यातून मृत्यू घडू लागतात. मार्शल याचा छडा लावतो तेव्हा त्याच्या अधिकाराला आव्हान कोणी देत नाही, मात्र मदतीलाही कोणी येत नाही. ज्या वस्तीत प्रत्येकाची भाकरी एकाच कंपनीकडून येते तेथे अधिकारपत्राला किती अर्थ उरतो, हा या कथेचा गाभा आहे.

तिसरा प्रकार आंतरराष्ट्रीय यंत्रणेचा आहे. बीबीसीने १९८७ मध्ये 'स्टार कॉप्स' ही नऊ भागांची मालिका दाखवली. तिची कथा २०२७ या वर्षात घडते. आंतरराष्ट्रीय अंतराळ पोलीस दलाचे प्रमुखपद नेथन स्प्रिंग या ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्याकडे येते आणि दलाचे मुख्यालय चंद्रावरील तळावर हलवले जाते. या दलाकडे अफाट शस्त्रसामग्री नाही. एकेका देशाच्या अंतराळ स्थानकात शिरताना त्याला त्या देशाच्या हितसंबंधांशी आणि मोठ्या कंपन्यांच्या गुप्ततेशी झगडावे लागते.

चौथा प्रकार कंत्राटी पोलिसांचा आहे. जेम्स एस. ए. कोरे या टोपणनावाने दोन लेखकांनी लिहिलेली 'लेविआथन वेक्स' ही कादंबरी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे २०१५ पासून तिच्यावर आणि तिच्या पुढील भागांवर आधारित दूरचित्रवाणी मालिकाही आली. सेरेस या लघुग्रहावरील वस्तीत कायदा व सुव्यवस्थेचे काम स्टार हेलिक्स नावाच्या कंपनीला कंत्राटाने दिलेले आहे. तिचा कर्मचारी असलेला मिलर हा गुप्तहेर तेथेच जन्मलेला, परंतु मालक बाहेरचा. एका धनाढ्य उद्योगपतीच्या मुलीला शोधून परत पाठवण्याचे खासगी काम त्याच्यावर सोपवले जाते आणि पोलीस व नोकर यांतील सीमारेषा पुसली जाते.

या चारही कल्पनांत शस्त्रे आणि याने यांची वर्णने आहेत, पण कथा उभी राहते ती एका व्यावहारिक अडचणीवर. पोलिसाचा पगार, त्याचे राहणे आणि त्याचा श्वास ज्याच्या हाती आहे, त्याच्याविरुद्ध तो तपास कसा करील, ही ती अडचण होय.

अवकाश कायद्याची स्थिती

प्रत्यक्षात अंतराळासाठी कोणतेही पोलीस दल नाही. तरीही अंतराळ हा कायद्याविना असलेला प्रदेश नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी स्वाक्षरीसाठी खुला झालेला आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला अमलात आलेला बाह्य अवकाश करार हा या कायद्याचा पाया आहे. त्याच्या दुसऱ्या कलमानुसार चंद्र किंवा अन्य कोणताही खगोल कोणत्याही राष्ट्राला आपल्या मालकीचा करता येत नाही. सहाव्या कलमानुसार खासगी संस्थांच्या अंतराळातील कृत्यांचीही जबाबदारी संबंधित राष्ट्रावरच येते. आठव्या कलमानुसार ज्या राष्ट्राच्या नोंदवहीत एखादे यान नोंदलेले असेल, त्या राष्ट्राचा त्या यानावर आणि त्यातील माणसांवर अधिकार राहतो. समुद्रावरील जहाजाला ज्याप्रमाणे ध्वज असलेल्या देशाचा कायदा लागू होतो, त्यासारखीच ही रचना आहे.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकासाठी २९ जानेवारी १९९८ रोजी अमेरिका, रशिया, जपान, कॅनडा आणि युरोपातील सहभागी राष्ट्रे यांच्यात स्वतंत्र करार झाला. त्याच्या बाविसाव्या कलमात फौजदारी अधिकाराची व्यवस्था आहे. प्रत्येक भागीदार राष्ट्र आपापल्या नागरिकावर खटला चालवू शकते. एका देशाच्या नागरिकाने दुसऱ्या देशाच्या नागरिकाच्या जिवाला धोका निर्माण केला किंवा दुसऱ्या देशाच्या विभागाचे नुकसान केले, तर दोन्ही देशांनी विचारविनिमय करावयाचा असतो. नव्वद दिवसांत आरोपीच्या देशाने खटल्याची हमी दिली नाही, तर बाधित देशाला काही अटींवर कारवाई करता येते. स्थानकावरील दैनंदिन शिस्त मात्र कमांडरच्या हाती असते. सहकाऱ्यांच्या तातडीच्या सुरक्षिततेसाठी गरज पडल्यास त्याने प्रमाणशीर शारीरिक बळ वापरावे किंवा एखाद्याला रोखून धरावे, अशी मुभा दलाच्या आचारसंहितेत आहे. आजच्या घडीला पृथ्वीबाहेरील पोलिसी अधिकार एवढाच आहे.

भारताच्या दृष्टीने हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. जून २०२३ मध्ये भारताने आर्टेमिस करारनाम्यावर स्वाक्षरी केली. जून २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले आणि जुलैत परतले. २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट शासनाने जाहीर केले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या पहिल्या कलमानुसार भारतीय नागरिकाने भारताबाहेर कोठेही केलेल्या गुन्ह्याला ही संहिता लागू होते. त्याच कलमात भारतात नोंदलेल्या जहाजाचा आणि विमानाचा उल्लेख आहे, अंतराळयानाचा नाही. अशा गुन्ह्याची चौकशी किंवा खटला भारतात चालवण्यासाठी केंद्र शासनाची पूर्वसंमती लागते. कॅनडाने २०२२ मध्ये आपल्या दंडविधानात दुरुस्ती करून चंद्रावरील व चंद्राभोवतीच्या नियोजित स्थानकावरील आपल्या अंतराळवीरांच्या कृत्यांचा स्पष्ट समावेश केला. भारतानेही २०२२ मध्येच अंटार्क्टिकासाठी स्वतंत्र कायदा करून तेथील भारतीय मोहिमांतील व्यक्तींना नियमांच्या कक्षेत आणले. दूरच्या, मालकी नसलेल्या प्रदेशात कायदा कसा न्यावा याचे हे जवळचे उदाहरण आहे.

या सर्व तरतुदींचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. त्या मोहिमेवर जाणाऱ्या, ठरावीक मुदतीने परत येणाऱ्या माणसांसाठी केलेल्या आहेत. तेथेच राहणाऱ्या, कामावर ठेवलेल्या, संसार थाटलेल्या आणि मुले वाढवणाऱ्या लोकसंख्येचा विचार त्यांत नाही. म्हणजेच जहाजाचा कायदा तयार आहे, वसाहतीचा नाही. त्यासाठी पूर्वानुभव शोधावयाचा तर तो पृथ्वीवरच्या वसाहतींत शोधावा लागतो.

सोलापूरची सेटलमेंट

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. प्रारंभी तो उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढून तो मुंबई इलाख्यातही लागू करणे शक्य झाले आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. एखादी जमात गुन्हेगार असल्याचे सरकारने अधिसूचनेने जाहीर केले की त्या जमातीत जन्मलेला मनुष्य नोंदणीस पात्र ठरे. त्याच्या बोटांचे ठसे घेतले जात, त्याला ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे आणि मुक्काम बदलताना कळवावे लागे. अधिसूचना योग्य की अयोग्य हे न्यायालयात तपासण्याची सोय कायद्याने ठेवली नव्हती. अशा जमातींना नेमून दिलेल्या वसाहतीत ठेवण्याचा आणि मुलांना आईवडिलांपासून वेगळे काढून शाळांत ठेवण्याचा अधिकारही सरकारकडे होता.

मुंबई इलाख्यातील अशा वसाहतींपैकी सोलापूरची सेटलमेंट ही मोठ्यांपैकी एक होती. इलाख्यातील या वसाहतींचा कारभार ओ. एच. बी. स्टार्ट या आय.सी.एस. अधिकाऱ्याने दीर्घकाळ पाहिला. सोलापूरच्या सेटलमेंटचे व्यवस्थापन काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होते. इतर प्रांतांत साल्व्हेशन आर्मीसारख्या संस्थांकडे अशीच जबाबदारी सोपवण्यात आली होती. कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट, मांग गारुडी आदी जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणाआड राहत. सोलापुरात कापडगिरण्या असल्याने सेटलमेंटमधील माणसे गिरणीत कामाला जात आणि परत येऊन हजेरी देत. बाहेर जाण्यास परवाना लागे. परवान्याशिवाय आढळलेल्याला विनावॉरंट पकडता येई.

या व्यवस्थेत सुधारणेचा अंश नव्हता असे म्हणता येणार नाही. शाळा होत्या, मजुरी होती आणि चांगल्या वर्तणुकीनंतर कुटुंबाला कुंपणाबाहेरच्या वस्तीत राहू देण्याची पद्धत होती. सोलापुरातील 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे आजही रूढ असलेले नाव त्या पद्धतीची आठवण देते. मोकळ्या वस्तीला 'मोकळी' असे विशेषण लावावे लागते तेव्हा तिच्या शेजारी काय होते हे वेगळे सांगावे लागत नाही. येथे मुख्य मुद्दा हेतूचा नसून रचनेचा आहे. घर देणारा, कामावर पाठवणारा, मुलाला शाळेत घालणारा, हजेरी घेणारा आणि परवाना नाकारणारा अधिकार एकाच कचेरीत एकवटला होता. त्या कचेरीविरुद्ध तक्रार करावयाची तर ती त्याच कचेरीत करावी लागे. सद्भावनेचा अधिकारी आला की जाच कमी होई, कठोर आला की वाढे. रहिवाशाच्या हाती काहीच नव्हते.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपुष्टात आला. हा दिवस भटके-विमुक्त समाजात विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. मात्र नोंदवहीतील संशय तेवढ्याने पुसला गेला नाही. १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्यासारख्या कायद्यांनी पोलिसांची नजर वेगळ्या नावाने कायम ठेवली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' या आत्मकथनांतून मराठी वाचकाला या जगण्याची ओळख झाली. सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये भटक्या-विमुक्तांविषयीचा अहवाल केंद्राला सादर केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीय भेदभावाविषयी निर्णय देताना विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार मानणाऱ्या तुरुंग नियमावल्यांतील तरतुदीही घटनाबाह्य ठरवल्या. म्हणजे कायदा संपल्यानंतर बहात्तर वर्षांनीही त्याची भाषा शासकीय पुस्तकांत शिल्लक होती.

तुलना

सेटलमेंट आणि अंतराळ वसाहत यांत ठळक फरक आहेत. सेटलमेंटमधील माणसे सक्तीने आणलेली होती, अंतराळात जाणारी माणसे स्वेच्छेने आणि निवडीने जातील. त्यांच्याकडे शिक्षण, करारपत्र आणि वकील असेल. परंतु ही स्वेच्छा पहिल्या पिढीपुरतीच खरी आहे. तेथे जन्मलेल्या मुलाने कोणत्याही करारावर सही केलेली नसते. हाइनलाइन यांच्या चंद्रावरील पिढी आणि सेटलमेंटच्या कुंपणाआड जन्मलेली पिढी यांच्यातील साम्य येथे स्पष्ट होते. दोघांच्याही वाट्याला आलेली बंदिस्ती त्यांच्या कृत्यामुळे नसून जन्मस्थानामुळे आहे.

दुसरा मुद्दा बाहेर पडण्याचा आहे. सेटलमेंटमधून पळून गेलेला मनुष्य निदान माळरानावर श्वास घेऊ शकत होता. अंतराळ वसाहतीला माळरान नाही. परतीच्या यानातील जागा हाच तेथील परवाना. तो देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार ज्या यंत्रणेकडे असेल तिला वेगळ्या तुरुंगाची गरज पडणार नाही.

याविरुद्ध एक आक्षेप गंभीरपणे विचारात घ्यावा लागतो. बंदिस्त वस्तीत शिस्त ही चैन नसते. हवेची गळती न्यायालयाच्या तारखेची वाट पाहत नाही आणि झडप उघडणाऱ्याला तत्काळ अडवावेच लागते. त्यामुळे स्थानकाच्या कमांडरला दिलेला तातडीचा अधिकार समर्थनीय ठरतो. परंतु त्या अधिकाराचे समर्थन तातडी संपेपर्यंतच टिकते. सेटलमेंटचा अनुभव असा की सुरक्षिततेच्या नावाने सुरू झालेली हजेरी रोजची होते, रोजची हजेरी नोंदवहीत जाते आणि नोंदवही पुढच्या पिढीच्या हाती येते. आणीबाणीचा अधिकार आणि रोजचा कारभार यांतील भिंत कायद्याने बांधली नाही तर ती व्यवहारात उभी राहत नाही.

यावरून अंतराळ वसाहतीच्या पोलीस यंत्रणेसाठी काही किमान अटी निघतात. हवा, पाणी, घर आणि काम यांचा पुरवठा करणारी संस्था व पोलीस यंत्रणा यांचा पगार, नेमणूक आणि जबाबदारी वेगळी असावी. 'आउटलँड'मधील मार्शलकडे वेगळी नेमणूक होती, पण त्याच्याभोवतीचे सर्व जीवन कंपनीचे होते. तेव्हा वेगळेपण कागदापुरते असून भागत नाही. संशयाची नोंद व्यक्तीच्या कृत्यावर आधारलेली असावी, तिला मुदत असावी आणि ती वारसाहक्काने पुढे जाऊ नये. वसाहतीबाहेरील न्यायालयाकडे दाद मागण्याचा मार्ग रहिवाशाला वसाहत प्रमुखाच्या परवानगीशिवाय उपलब्ध असावा. दूरसंवादाच्या काळात ही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. परत जाण्याचा हक्क शिस्तभंगाची शिक्षा म्हणून काढून घेता येऊ नये. अखेरची अट बाहेरच्या तपासणीची आहे. बाह्य अवकाश कराराच्या बाराव्या कलमात चंद्रावरील व अन्य खगोलांवरील स्थानके पूर्वसूचनेनंतर परस्परतेच्या तत्त्वावर इतर राष्ट्रांच्या प्रतिनिधींसाठी खुली ठेवण्याची तरतूद १९६७ पासूनच आहे. ती राष्ट्रांनी राष्ट्रांवर ठेवावयाच्या देखरेखीसाठी केलेली आहे. रहिवाशांच्या रक्षणासाठीही तिचा विस्तार करता येईल.

समारोप

विज्ञानकथेतील अंतराळ पोलीस हा भविष्याचा विषय वाटतो, परंतु त्याच्याविषयी विचारावयाचे प्रश्न जुने आहेत. यंत्रणा राष्ट्रीय असावी, आंतरराष्ट्रीय असावी की कंत्राटी, या वादाआधी तिच्याविरुद्ध दाद कोठे मागावयाची हे ठरले पाहिजे. कल्पित साहित्याने या प्रश्नाला निरनिराळे चेहरे दिले. आजचा अवकाश कायदा मोहिमेवरील माणसाचा विचार करतो, रहिवाशाचा नाही. सोलापूरच्या सेटलमेंटचा इतिहास रहिवाशाच्या बाजूने बोलतो, म्हणून तो या चर्चेत मोलाचा आहे.

राज्यशास्त्र, विधी, इतिहास, समाजशास्त्र आणि मराठी साहित्य या विभागांना एकत्र अभ्यासता येईल असा हा विषय आहे. सोलापूर परिसरातील महाविद्यालयांच्या वर्गांत विमुक्त जमातींतील विद्यार्थी बसतात. त्यांच्या आजी-आजोबांनी दिलेल्या हजेरीची आठवण त्यांच्या घरांतून गोळा करता येणे अजून शक्य आहे. ती पिढी झपाट्याने कमी होत आहे. उद्याच्या वसाहतींसाठी नियम लिहिणाऱ्यांना त्या आठवणीचा उपयोग व्हावयाचा असेल, तर तिची नोंद आजच व्हावयास हवी.